डाग लाकडात नाही

२ मार्च, सोमवार

निवृत्त होऊन काही महिने झाले. जन्मभर बॉयलर तपासले. मी कारखान्याच्या दारात शिरलो की भट्टीवाल्यांचं धाबं दणाणायचं. आता माझ्या अखत्यारीत एकच बॉयलर उरला आहे, न्हाणीघरातला, आणि त्यालाही हात लावायची हिने मनाई केली आहे. गेल्या खेपेला मी तो तपासला आणि मग दोन दिवस सगळ्यांना गार पाण्याने आंघोळ करावी लागली, एवढंच कारण.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. ‘बाबा, तुम्ही दोघं कायमचे इकडेच या. तिथे दिवसभर करता तरी काय?’ त्याला मोठं घर भाड्याने घ्यायचं आहे, म्हणून महिनाअखेर नक्की काय ते कळवा म्हणाला. दिवसभर काय करतो याचं उत्तर मला देता आलं नाही. सकाळी पेपर वाचतो आणि दुपारी त्यातल्या चुका हिला दाखवतो, असं कसं सांगणार?

फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून हिला म्हटलं, ‘जाऊ या. इथे आता माझं काय आहे?’ ही नुकतंच उकळलेलं दुधाचं पातेलं घेऊन येत होती. तिने ते तसंच टेबलावर टेकवलं, खाली काही न ठेवता. जरा वेळाने म्हणाली, ‘तुम्ही म्हणाल तसं.’

आमच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं. फार बरं वाटलं.

पातेलं उचललं तेव्हा खाली ताटलीएवढा पांढरा डाग पडलेला होता.

३ मार्च, मंगळवार

रंगाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणतो, ‘काका, वरचा सगळा थर घासून काढायचा आणि नव्याने पॉलिश मारायचं. दुसरा उपाय नाही.’ दाढ दुखते म्हणून जबडा काढायचा सल्ला देणाऱ्यांपैकी दिसतो.

घरी येऊन डाग भिंगातून पाहिला. पाणी लाकडात शिरलं असतं तर डाग काळा पडला असता. हा पांढरा आहे, दुधाळ आहे. म्हणजे दमटपणा वरच्या पॉलिशमध्येच अडकलाय, लाकडाला त्याची खबरही नाही. आणि वाफ कुठे अडकते आणि कशी बाहेर काढायची, हे मला कुणी शिकवायला नको.

सूनबाई मागे इथे विसरून गेलेला हेअर ड्रायर शोधला. मंद आचेवर ठेवून, एका जागी न थांबवता, हात फिरता ठेवला. डाग कडेने आत सरकू लागला. हिने जेवायला तीनदा हाक मारली म्हणे. मला एकही ऐकू आली नाही.

५ मार्च, गुरुवार

डाग गेला! उरलेली धूसर कड रात्रभर तेलाचा बोळा ठेवून घालवली आणि सकाळी मेणाचा पातळ हात दिला. हिला बोलावून म्हटलं, ‘सांग कुठे होता.’ ती वाकून बघत राहिली, पण तिला जागा सापडेना. अंगावर मूठभर मांस चढलं.

‘तुम्ही गुणगुणत होतात,’ ती म्हणाली.

‘कधी?’

‘सकाळपासून. काय ते गाणं कळलं नाही, पण गुणगुणत होतात.’ आणि मग ती टेबलाकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही.

८ मार्च, रविवार

पुन्हा डाग! यावेळी तीन. बर्फाच्या पाण्याचे तीन पेले थेट टेबलावर, ओळीने. घरात माणसं दोन.

‘विसरले हो,’ ही म्हणाली.

जिने या टेबलापायी आम्हा बापलेकांना जन्मभर सळो की पळो करून सोडलं, पेल्याखाली चटई नाही म्हणून पाहुण्यांच्या हातून पेले काढून घेतले, ती विसरते? पण रागावलो नाही. डागांच्या कडा अगदी स्वच्छ आहेत, प्रयोगाला उत्तम.

१२ मार्च, गुरुवार

आजची नोंद कुणी वाचू नये.

जाड सुती कापड घालून वरून कोमट इस्त्री क्षणभर टेकवायची, असा बेत होता. कोरड्या उष्णतेने दमटपणा कापडात ओढला जातो. तत्त्व बिनचूक आहे. फक्त ही इस्त्री वाफेची असते आणि तिच्या पोटात कालचं पाणी होतं, ते बघायचं राहिलं. मी इस्त्री टेकवली आणि तिने फुस्सकन वाफ सोडली. तीन पेल्यांचे तीन डाग मिळून परातीएवढा एकच डाग झाला.

जन्मभर लोकांना दरडावलं की आधी पाणी किती आहे ते बघा, मग आच द्या. आणि मी!

ही दारात उभी होती. पदराने तोंड झाकून आत गेली. बिचारीला टेबलाचं फार वाईट वाटलं असणार.

१४ मार्च, शनिवार

इस्त्रीचं पाप फेडलं. आमच्या टेबलाचं पॉलिश लाखेचं आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे स्पिरिटचा पुसटसा हात फिरवला तर वरचा थर क्षणभर मऊ होतो, अडकलेला दमटपणा सुटतो आणि थर पुन्हा बसतो.

पहिल्यांदा स्पिरिट जास्त झालं. कापड चिकटलं आणि माझ्या बनियनची वीण टेबलावर उमटली. दुसऱ्यांदा पुरचुंडी नीट बांधली. आत कापूस, वर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, एकही सुरकुती नाही. तळहाताच्या मागच्या बाजूला लावून बघायची, नुसती गार लागली पाहिजे, ओली नाही. मग टेबलाच्या एका कडेकडून शिरायचं आणि न थांबता दुसऱ्या कडेने बाहेर पडायचं. हात थांबला की मेलात.

चौथ्या फेरीत डाग गेला. पाचवी मारायचा मोह झाला, पण मारली नाही. हेही शिकावंच लागतं.

१६ मार्च, सोमवार

काल फुलदाणीचा डाग. आज कॉफीच्या कपाचा आणि त्याच्या शेजारी भाताच्या पातेल्याचा. तिन्ही वेगळ्या जातीचे. एक गार, एक कोमट, एक कडकडीत. विचारलं की एकच उत्तर, ‘विसरले हो.’

आता मात्र तोंडचं पाणी पळालं आहे. हे साधं विसरणं नाही. तिच्या थोरल्या मावशीचं असंच सुरू झालं होतं.

तिला कळू न देता तपासणी केली. सहज विचारल्यासारखं विचारलं, आज वार कोणता? ती म्हणाली, ‘सोमवार. तुमची दाढी करायची पाळी. काल टाळलीत.’ मी म्हटलं, आपल्या लग्नाला तुझ्या काकांनी काय दिलं होतं? म्हणाली, ‘घड्याळ. तुम्ही ते उघडून बघितलंत आणि बंद पडलं.’ जुनं सगळं लख्ख आठवतं. म्हणजे अगदी मावशीसारखंच.

चिरंजीवांना फोन केला. सांगितलं, आईची स्मरणशक्ती जाते आहे, आता यायलाच हवं. सगळे डाग तारीखवार सांगितले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘आईला फोन द्या.’ ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती, आवाज बसला होता आणि खांदे अजून हलत होते. मला भडभडून आलं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं की काही झालं तरी मी आहे. ती पुन्हा आत पळाली.

१८ मार्च, बुधवार

माझं ब्लडप्रेशर बघायचं असं खोटं सांगून तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांच्या कानावर आधीच घातलं होतं. त्यांनी तिला एकटीला आत घेतलं आणि दार लावलं. आतून डॉक्टरांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मोठा ठसका लागला असावा. वयस्कर डॉक्टरांनी स्वतःची तब्येत सांभाळायला हवी.

मग मला बोलावून म्हणाले, ‘वहिनींची काळजी करू नका. त्यांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. थोडं मनाला लागलं आहे, एवढंच. एक टॉनिक देतो.’

‘मनाला काय लागलंय?’

‘ते त्याच सांगतील. तुम्ही टेबलं करत राहा. बाय द वे, बाहेर पेशंट बसतात तिथलं टेबल बघा जाताना. औषधाच्या बाटल्यांनी नुसती नक्षी झाली आहे.’

पाहिलं. सतरा प्रकारचे डाग! उद्या जातो.

२३ मार्च, सोमवार

डॉक्टरांचं टेबल झालं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचंही झालं. त्यांनी दात घासायची पेस्ट चोळून डाग घालवायचा प्रयत्न केला होता. डाग गेला नाही, चकाकी मात्र गेली. टेबल मुखदुर्बळ झालं होतं. मेण लावून लावून त्याला बोलतं केलं. त्यांच्या वहिनींकडेही एक आहे म्हणाल्या.

आणि आता हा नवा धोंडा. ही वाचनालयातून पुस्तक बदलून आली ती उड्या मारतच. तिथल्या वाचन कक्षातलं लांबलचक टेबल मला ठाऊक आहे. छप्पर गळून त्यावर पांढऱ्या डागांचा अगदी नकाशा झाला आहे. अध्यक्षांनी ठरवलंय, थर घासून काढायचा आणि वर सनमायका ठोकायचा. सुतार पुढच्या सोमवारी येणार.

‘मी सांगितलं त्यांना, आमचे हे करतील म्हणून.’

‘मला न विचारता?’

‘विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.’

रागाने घर डोक्यावर घेतलं. एवढं मोठं टेबल, तेही सगळ्या गावासमोर! बिघडलं तर? आणि आपण जाणार आहोत ना इथून? ती म्हणाली, ‘महिनाअखेरपर्यंत तर आहोत.’ ती हे इतक्या हळू म्हणाली की माझा राग जागच्या जागी निवला.

२६ मार्च, गुरुवार

पाहणी केली. टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून बोट लावलं. चिकटलं. म्हणजे लाखच. दुसऱ्या टोकाला टाकला, तर ढिम्म. कधीतरी कुणीतरी टोकाची फळी बदलली आहे आणि तिला वेगळं पॉलिश दिलं आहे. न तपासता सगळीकडे सारखा हात फिरवला असता तर फसलो असतो. त्या फळीला नुसती ऊब आणि तेल, बाकीच्याला पुरचुंडी.

ग्रंथपालबाईंना विचारलं, इथे बसायला लोक येतात का हो? म्हणाल्या, ‘पूर्वी उभं राहायला जागा नसायची. आता छप्पर गळतं, टेबल असं दिसतं, लोक पुस्तक घेतात आणि घरी जातात.’ अध्यक्ष म्हणाले, रविवारपर्यंत मुदत. सोमवारी सुतार ठरलेला आहे तो आहेच.

२८ मार्च, शनिवार

सत्यानाश.

सकाळी आभाळ भरून आलेलं, हवा दमट. स्पिरिटचा वास साठू नये म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडायला लावल्या. सुरक्षेचा नियम, माझ्या हाडीमाशी भिनलेला. पहिला पट्टा मारला. डाग विरघळले. बघायला आलेल्यांनी माना डोलावल्या. आणि मग डोळ्यांदेखत तो सगळा पट्टा पांढरा झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, साय धरावी तसा. आधी ठिपके होते, आता संपूर्ण दूध.

 अध्यक्ष हळूच म्हणाले, ‘काका, सुताराला उद्याच बोलावू का?’ कसाबसा उद्या दुपारपर्यंतचा वेळ मागितला आणि मान खाली घालून घरी आलो.

हिला म्हटलं, ‘संपलं. हसं झालं माझं. चिरंजीवाला फोन लाव, सांग येतो म्हणून.’

ती फोनकडे गेली नाही. समोर येऊन बसली. म्हणाली, ‘तुमचं ते टेबल गेलं खड्ड्यात. मला इथून जायचं नाही.’

‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’

‘तुम्ही म्हणालात, इथे माझं काय आहे. मी समोरच उभी होते ना, हातात पातेलं घेऊन.’

 ती रडली. अगदी उघड, पदर न लावता. म्हणाली, ‘मुलाकडे जायला मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही काही उरलं नाही म्हणून निघालात. तसं जाऊन तिथे काय बसणार खिडकीशी? या महिनाभरात तुम्ही जेवायला विसरलात, माझ्यावर ओरडलात, गाणी म्हटलीत. मला हा माणूस हवाय.’

मी फार मोठा गाढव आहे. हे वाक्य स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो.

२९ मार्च, रविवार

पहाटे डोळा उघडला तोच उत्तर घेऊन. घरी असं कधी का झालं नाही? कारण घरी उन्हाची कोरडी खोली होती. स्पिरिट उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि गार पृष्ठभागावर दमट हवा दव टाकते. ते दव मऊ पडलेल्या लाखेत कोंडलं गेलं. आणि ती दमट हवा आत कुणी घेतली? खिडक्या उघडायला लावणाऱ्या या तपासनीसाने. थर खराब झालेला नाही. तोच जुना आजार आहे, फक्त मोठ्या अंगाला.

ग्रंथपालबाईंना घरून उठवून आणलं. खिडक्या बंद. घरातला हीटर, मास्तरीणबाईंचा हीटर, डॉक्टरांचा हीटर. भिंत हाताला कोमट लागेपर्यंत खोली तापवली. मग सगळे हीटर काढून बाहेर ठेवले आणि बटणं मी स्वतः तपासली, कारण स्पिरिट आणि आच एका खोलीत नांदत नाहीत. एव्हाना बाहेरही लख्ख ऊन पडलं होतं. लांबच्या दोन खिडक्या बोटभर उघडल्या, आणि पुरचुंडी बांधली.

दाराशी माणसं जमली होती. ही सर्वांत पुढे, हाताची घडी घालून, तपासणीला आलेल्या साहेबासारखी.

पहिला हात फिरवला. लाख ओली दिसली, मग काळसर, मग... मी श्वास रोखून धरला. पांढरं झालं नाही. साय पुसावी तशी ती दुधाळ पट्टी निघून गेली आणि खालून लाकूड वर आलं. तांबूस, मधासारखं, रेषानरेषा. मागून कुणीतरी ‘अरे!’ म्हणालं. ते अध्यक्ष होते.

पट्ट्यामागून पट्टा मारत गेलो. गळक्या छपराचा नकाशा तुकड्यातुकड्याने पुसला गेला. टोकाच्या फळीवर तेलाचा बोळा आणि ड्रायर. शेवटी मेण. दुपार टळून गेली तेव्हा मी पाठ सरळ केली. टेबलात खिडक्या दिसत होत्या, वरचे दिवे दिसत होते, आणि वाकून बघणारे सगळे चेहरे.

अध्यक्षांनी टेबलावर हात फिरवला आणि एका जागी थांबले. म्हणाले, ‘मी परीक्षेला इथे बसायचो. या खुर्चीवर.’ आणि खुर्ची ओढून बसलेच. मग ग्रंथपालबाई बसल्या. मग दाराशी उभे होते ते एकेक करून आत आले, कुणी पेपर घेतला, कुणी पुस्तक, आणि बघता बघता टेबल भरलं. मला बसायला जागा उरली नाही. मी उभा राहून बघत होतो आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं. लिहायला लाज वाटते, पण डोळे भरून आले होते.

अध्यक्षांनी सुताराला फोन करून सनमायका रद्द केला. त्याला छप्पर दुरुस्त करायला सांगितलं.

३० मार्च, सोमवार

सकाळपासून दाराची घंटा थांबलेली नाही. डाकघरातलं टपालाचं टेबल, कुणाच्या तरी आजीची पेटी, शाळेतला पियानो. पियानोवर फुलदाणी ठेवणारी माणसं जगात आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. वाचनालयाची सगळी कपाटंही माझ्याकडे. उद्यापासून सुरुवात.

हिची तब्येत आता उत्तम आहे. शनिवारनंतर घरात एकही डाग नाही. आज दुधाचं पातेलं हातात घेऊन ती चटई शोधत सगळं घर फिरली. डॉक्टरांच्या टॉनिकचा गुण म्हणायचा. बाटली बघितली, तर अजून सील फोडलेलं नाही. नुसतं घरात असण्यानेही औषध लागू पडतं बहुतेक. डॉक्टरांना विचारायला हवं.

चिरंजीवांना मी स्वतः फोन केला. म्हटलं, आम्ही येणार नाही. म्हणजे येऊ, चार दिवस राहू, तुझ्या टेबलाची अवस्था बघू आणि परत येऊ. इथे मला फुरसत नाही. तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, ‘आई जिंकली.’ मी म्हटलं, ‘आई कशी? टेबल मी केलं.’ तो म्हणाला, ‘हो बाबा, टेबल तुम्हीच केलंत.’ मुलगा गुणी आहे, पण कधी कधी त्याच्या बोलण्याला शेंडा-बुडखा नसतो.

ही स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं, राहतोय आपण. तिने गॅस बंद केला आणि नुसती उभी राहिली. मग फडताळात हात घालून मागे कुठेतरी पडलेला माझा जेवणाचा डबा काढला आणि घासायला घेतला.

मी म्हटलं, ‘अगं, वाचनालय पाच मिनिटांवर आहे. दुपारी जेवायला घरी येईन की.’

‘काही नको. कामावर जाणारा माणूस डबा नेतो.’

 ती डबा घासत होती तोवर तिथेच उभा राहिलो, आणि तिने हातात दिला तेव्हा पुसून, कोरडा करून ठेवला.